व्यापक भूगोल नियतकालिक की एका शाखेचे? हस्तलिखित लिहिण्यापूर्वी करायची तुलना

संशोधन पुरे झाले, निष्कर्ष हाती आले, की आधी निबंध लिहून काढायचा आणि मग तो कुठे पाठवायचा हे ठरवायचे, असा अनेकांचा क्रम असतो. भूगोलात हा क्रम महागात पडतो. एका बाजूला नद्या, मृदा आणि हिमनद्या, दुसऱ्या बाजूला शहरे, स्थलांतर आणि सीमावाद, आणि दोहोंना जोडणारे नकाशे व जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली), असा या विषयाचा पसारा असल्यामुळे एका नियतकालिकाला जे हस्तलिखित नेमके वाटते तेच दुसऱ्याला अपुरे किंवा अप्रस्तुत वाटू शकते. समीक्षकांकडे न जाता संपादकाच्या टेबलावरूनच परत येणाऱ्या निबंधांत संशोधनाचा दर्जा बरा असूनही चुकीच्या दारात गेलेले निबंध पुष्कळ असतात.

निवड मुख्यतः दोन प्रकारांत करायची असते. पहिला प्रकार संपूर्ण भूगोलाला वाहिलेल्या व्यापक नियतकालिकांचा. १८९३ पासून आजच्या नावाने निघणारे ‘द जिओग्राफिकल जर्नल’ आणि १९११ मध्ये सुरू झालेले, आज ‘ॲनल्स ऑफ द अमेरिकन असोसिएशन ऑफ जिओग्राफर्स’ या नावाने ओळखले जाणारे नियतकालिक ही त्याची परिचित उदाहरणे. दुसरा प्रकार एकाच शाखेला वाहिलेल्या नियतकालिकांचा: भूरूपशास्त्रासाठी, म्हणजे जमिनीची रूपे कशी घडतात याच्या अभ्यासासाठी, ‘अर्थ सरफेस प्रोसेसेस अँड लँडफॉर्म्स’, जीआयएससाठी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ जिओग्राफिकल इन्फर्मेशन सायन्स’, राजकीय भूगोलासाठी ‘पोलिटिकल जिओग्राफी’.

तुलना हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक निबंध समोर ठेवू. एका नदीचे पात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती सरकले हे लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांवरून मोजले आहे, आणि पात्र सरकल्यामुळे काठावरच्या जमिनींच्या मालकीचे कोणते वाद उभे राहिले हे मुलाखतींतून तपासले आहे. हे संशोधन दोन्हीकडे जाऊ शकते, पण त्याचा निबंध मात्र दोन्हीकडे तोच राहत नाही.

फरक प्रस्तावनेपासूनच दिसतो. भूरूपशास्त्राच्या नियतकालिकाचा वाचक नागमोडी वळणांचे सरकणे, काठाची धूप, गाळाचे संचयन हे सारे जाणून असतो. त्याला दोन परिच्छेदांत आजवरच्या कामातील उणीव दाखवली की पुरते. व्यापक नियतकालिकाचा वाचक कदाचित शहरी घरबांधणीवर काम करणारा असेल, आणि नदी सरकली याचे त्याला काय, हे पहिल्याच पानावर सांगावे लागते. इथे एक गैरसमज वारंवार होतो: व्यापक म्हणजे सोपे, असे समजून लेखक व्याख्या आणि प्राथमिक माहितीची भर घालतात. व्यापक नियतकालिकाला सोपेपणा नको असतो, त्याला दावा मोठा हवा असतो. कागदोपत्री स्थिर धरलेली सीमा आणि जमिनीवर हलणारी सीमा यांच्यातील विसंगती कायदा कशी हाताळतो, हा प्रश्न नदीपुरता उरत नाही, आणि म्हणून तो तिथे चालतो. ‘अमुक खोऱ्यातील पात्रबदल: एक अभ्यास’ अशा शीर्षकाचा निबंध तिथे बहुधा चालत नाही, मोजमाप कितीही काटेकोर असले तरी.

कार्यपद्धतीच्या भागात पारडे उलटे होते. शाखेच्या नियतकालिकातील समीक्षक पहिला प्रश्न विचारील तो त्रुटीचा. समजा, जुन्या प्रतिमेवर काठाची रेषा आखण्यातील अनिश्चितता २० मीटर आहे आणि नव्या प्रतिमेवरची १५ मीटर. दोन्ही त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे २५ मीटर, ही एकत्रित अनिश्चितता होते. अशा वेळी ‘पात्र १८ मीटर सरकले’ हे वाक्य लिहिता येत नाही. तेवढे सरकणे मोजण्याच्या आवाक्यातच नाही. थिमॅटिक मॅपर या लँडसॅटवरील संवेदकाच्या आणि त्यानंतरच्या लँडसॅट प्रतिमांचा एक पिक्सेल (प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन) ३० मीटरचा असतो आणि १९७० च्या दशकातल्या प्रतिमा त्याहून भरड असतात, तेव्हा हा हिशेब कोष्टकात, प्रत्येक वर्षासाठी, मांडलेला असावा. शिवाय दोन्ही प्रतिमा घेतल्या त्या दिवशी नदीची पाणीपातळी सारखी होती का, हेही सांगावे लागते, कारण पूर आणि कोरडा हंगाम यांतला फरक पात्रबदल म्हणून सहज खपून जातो.

हाच निबंध व्यापक नियतकालिकाकडे जात असेल तर त्रुटीचा हिशेब दोन वाक्यांत सांगून उरलेला पूरक सामग्रीत (निबंधासोबतच्या वेगळ्या फाइलीत) ठेवता येतो, पण मग मुलाखतींचा भाग वाढतो. किती जण, कसे निवडले, कोणत्या भाषेत बोलले, संमती कशी घेतली, उतारे कोणी आणि कसे वर्गीकृत केले, आणि संशोधक स्वतः त्या परिसरात कोण म्हणून ओळखला जात होता, हे प्रश्न तिथे येतात. भौतिक भूगोलातून आलेल्या लेखकांना यांतला शेवटचा प्रश्न सजावटीचा वाटतो. तो तसा नाही. जमिनीच्या वादाविषयी सरकारी मोजणीदाराला मिळणारे उत्तर आणि शेजाऱ्याला मिळणारे उत्तर एक नसते.

आता नकाशे. भूगोलाच्या निबंधात नकाशाकडे समीक्षकांची नजर लवकर जाते आणि तिथला निष्काळजीपणा संपूर्ण कामाविषयीचे मत बिघडवतो. काही गोष्टी दोन्ही प्रकारांत सारख्याच आहेत. नकाशा आपण पडद्यावर २८ सेंटीमीटर रुंदीचा करतो आणि त्यात १० पॉइंटची अक्षरे घालतो. नियतकालिकाचा एक स्तंभ साधारण साडेआठ सेंटीमीटरचा असेल तर छापताना तीच अक्षरे ३ पॉइंटची होतात, म्हणजे वाचता येत नाहीत. म्हणून नकाशा छापायच्या आकारातच तयार करावा. त्याच कारणाने ‘१:५०,०००’ असे गुणोत्तर न लिहिता प्रमाणपट्टी द्यावी, कारण आकार बदलला की गुणोत्तर खोटे ठरते आणि पट्टी नकाशाबरोबर लहान-मोठी होते. संकेतस्थळांवरील तयार पार्श्वनकाशे बहुधा वेब मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीत) असतात. त्यात ६० अंश अक्षांशावर लांबी जवळपास दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते, त्यामुळे क्षेत्रफळांची तुलना मांडायची असेल तर क्षेत्रफळाचे प्रमाण कायम राखणारे समक्षेत्र प्रक्षेपणच घ्यावे. रेषा आणि अक्षरे व्हेक्टर स्वरूपात (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) द्यावीत, छायाचित्रे किमान ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) असावीत. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशाचा आधार घेतला असेल तर तसा उल्लेख नकाशावर किंवा मथळ्यात करावाच लागतो, आणि व्यावसायिक नकाशासेवेचा पडदाचित्रासारखा उचललेला तुकडा परवानगीच्या अटी वाचल्याशिवाय वापरू नये.

रंगांच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. धूप लाल रंगात आणि संचयन हिरव्या रंगात दाखवलेला माझा नकाशा एका समीक्षकाने ‘दोन्ही पट्टे एकसारखे दिसतात’ अशा शेऱ्यासह परत पाठवला, आणि त्याचे बरोबर होते. लाल-हिरव्यातील फरक ओळखण्यास अडचण असणे पुरुषांमध्ये अजिबात दुर्मीळ नाही. नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रुअर यांच्या ‘कलरब्रुअर’ या रंगनिवडीच्या साधनातील किंवा ‘व्हिरिडिस’सारख्या रंगमालिका वापरल्या तर हा प्रश्न बराच सुटतो. इंद्रधनुषी रंगमालिका तर टाळावीच, कारण ती डेटामध्ये नसलेल्या सीमारेषा डोळ्यांना दाखवते.

प्रकारभेद येतो तो नकाशांच्या संख्येत आणि कामात. शाखेच्या नियतकालिकात दहा-बारा आकृत्या, त्यातही चार-सहा चौकटींच्या, सहज खपतात; प्रत्येक कालखंडातील काठरेषा स्वतंत्र दिसावी अशी तिथे अपेक्षाच असते. व्यापक नियतकालिकासाठी मी तीन-चार नकाशांपुढे जाणार नाही, आणि त्यांतला एक असा असावा की मजकूर न वाचताही जुनी मालकीरेषा आणि आजचा काठ यांची तेढ दिसावी. राजकीय भूगोलाकडे जात असाल तर वादग्रस्त सीमा कशी दाखवली आहे, रेषा सलग की तुटक, स्थळनाम कोणत्या रूपात, याचे स्पष्टीकरण मथळ्यातच द्यावे. अनेक प्रकाशक प्रादेशिक दाव्यांबाबत आपण तटस्थ असल्याची टीप छापतात. ती टीप लेखकाला जबाबदारीतून सोडवत नाही.

या निबंधापुरता सर्वांत अवघड फरक मात्र गोपनीयता आणि उघडेपणा यांतला आहे, आणि तो दोन पातळ्यांवर आहे. पहिली पातळी लेखकाच्या नावाची. व्यापक आणि मानवी भूगोलाच्या नियतकालिकांत दुहेरी अनामिक समीक्षा बरीच रूढ आहे: लेखकाचे नाव समीक्षकाला कळू नये यासाठी शीर्षकपान वेगळे ठेवणे, ऋणनिर्देश आणि अनुदानाचा उल्लेख तिथेच हलवणे, ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्ये त्रयस्थ रूपात लिहिणे आणि फाइलच्या गुणधर्मांतून नाव पुसणे, ही कामे करावी लागतात. शेवटचे हमखास विसरले जाते. भौतिक भूगोलात समीक्षकाला लेखक माहीत असणे अधिक आढळते, आणि ‘अर्थ सरफेस डायनॅमिक्स’सारख्या ठिकाणी तर हस्तलिखित व समीक्षकांचे अभिप्राय जाहीर चर्चेसाठीच प्रसिद्ध होतात. पहिला मसुदा जगासमोर जाणार असेल तर तो ‘समीक्षेत सुधारू’ या भरवशावर पाठवता येत नाही.

दुसरी पातळी डेटाची. शाखेच्या नियतकालिकाला अचूक निर्देशांक, काठरेषांच्या फाइली आणि शक्य तर संगणकीय कोडही हवे असते. जीआयएसच्या नियतकालिकांत डेटा आणि कोड कुठे मिळेल हे सांगणारे निवेदन हा आता निबंधाचा भाग झाला आहे. झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात फाइली ठेवून त्यांना डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक, मिळवता येतो. पण मुलाखत देणाऱ्याला आपण नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले असते. काठरेषा आणि वादग्रस्त भूखंड एकाच नकाशावर अचूक निर्देशांकांसह दाखवले, तर नाव न लिहिताही तो माणूस ओळखू येतो. यावर मला व्यवहार्य वाटणारा उपाय असा की काठरेषा संपूर्ण उघड कराव्यात, भूखंड मात्र फक्त ढोबळ आराखड्यात दाखवावेत आणि मुलाखतींचे उतारे भांडारात न ठेवण्याचे कारण निवेदनात स्पष्ट लिहावे. नैतिकतेच्या कारणावरून डेटा रोखणे अनेक संपादकांना मान्य असते. कारणच न देता रोखणे मात्र खटकते.

शब्दमर्यादेबाबत एकच हिशेब पुरे. मर्यादा ८,००० शब्दांची असून तीत संदर्भसूची धरली जात असेल, आणि सूचीत सरासरी २५ शब्दांचे ८० संदर्भ असतील, तर मजकुराला ६,००० शब्दच उरतात. सूची मर्यादेबाहेर असेल तर पूर्ण ८,००० मिळतात. मर्यादेच्या आकड्यापेक्षा तीत काय धरले आहे ते आधी वाचावे. लाटेक (समीकरणांना सोयीची अक्षरजुळणी प्रणाली) की वर्ड हा वाद मी फार महत्त्वाचा मानत नाही: समीकरणे जास्त आणि नियतकालिक लाटेक स्वीकारत असेल तर लाटेक, सहलेखक मसुद्यावर दुरुस्त्या करणार असतील तर वर्ड. संदर्भांची मांडणी झोटेरोसारख्या साधनाने सांभाळली की नियतकालिक बदलताना शैली बदलणे हे काही मिनिटांचे काम राहते. मुक्त प्रवेशाचे शुल्क (निबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावा म्हणून लेखकाकडून घेतले जाणारे) मात्र पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. स्वीकृतीनंतर कळलेले शुल्क सहलेखकांमध्ये वाद लावते.

मग निवड कशी करावी? मी दोन सारांश लिहून पाहतो, प्रत्येकी दोनशे शब्दांचा, हस्तलिखिताला हात लावण्यापूर्वी. नदीच्या निबंधात मोजमापाची पद्धत नवी असेल, म्हणजे जुन्या भरड प्रतिमांतूनही लहान सरकणे खात्रीने ओळखता येते असे दाखवले असेल, तर शाखेच्या नियतकालिकाचा सारांश आपोआप भरतो आणि मुलाखतींना त्यात एका वाक्यापलीकडे जागा सापडत नाही. पद्धत प्रस्थापित असून पात्रबदल आणि मालकी यांचा संबंध नवा असेल, तर व्यापक नियतकालिकाचा सारांश जमतो आणि दुसरा ओढूनताणून लिहावा लागतो. दोन्ही सारखेच सहज जमले, तर बहुधा दोन निबंध आहेत. तसे ते वेगळे करता येतात, पण प्रत्येकाचा प्रश्न आणि निष्कर्ष स्वतंत्र असायला हवा, एकात दुसऱ्याचा उल्लेख हवा आणि संपादकाला लिहिलेल्या पत्रात तसे मोकळेपणाने सांगायला हवे. एकच निष्कर्ष दोन भागांत कापून छापणे किंवा एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे हे प्रकाशन-नीतीच्या विरुद्ध आहे, आणि समीक्षकांचे वर्तुळ लहान असल्यामुळे ते उघडकीसही येते.

परत आलेला निबंध दुसऱ्या प्रकारच्या नियतकालिकाकडे वळवायचा झाला, तर दोन दिशांचा खर्च सारखा नसतो. व्यापककडून शाखेकडे जाताना त्रुटीचे कोष्टक आणि राहिलेले नकाशे पूरक सामग्रीतून मुख्य मजकुरात आणायचे आणि प्रस्तावना छाटायची, एवढे काम पंधरवड्यात होऊ शकते. शाखेकडून व्यापककडे जाताना प्रस्तावना आणि चर्चा नव्याने लिहावी लागते, वाचन वाढवावे लागते, आणि मुलाखती मुळात जुजबी घेतल्या असतील तर पुन्हा नदीकाठी जावे लागते. म्हणून खरोखर अनिश्चितता असेल तेव्हा मी आधी व्यापक नियतकालिकासाठी लिहितो, आणि त्रुटीचे कोष्टक पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवतो.