तीन लिटरचा कॅन की पस्तीस लिटरचा?

खासगी पशुवैद्यकीय सेवा नव्याने सुरू करणारे सहकारी साहित्याची यादी करताना हा प्रश्न हमखास विचारतात. कॅन म्हणजे द्रव नायट्रोजनचे भांडे. कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, त्यात बुडवून ठेवतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गोठ्यांवर काम करतो. पहिली सहा वर्षे एकट्या तीन लिटरच्या कॅनवर काढली आणि नंतर पस्तीस लिटरचा कॅन घरी आणला, त्यामुळे दोन्हींचा अनुभव आहे, एवढाच माझा अधिकार. कॅनची उंची, तोंडाचा व्यास, गोब्लेटची (कांड्या ठेवायच्या पेल्यांची) संख्या हे सारे माहितीपत्रकात छापलेले असते. त्यात मी शिरत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. लहान कॅन कोणालाच सुटत नाही, कारण दुचाकीच्या कॅरिअरवर बांधून वाड्यावस्त्यांवर नेता येतो तो तेवढाच. तेव्हा खरा प्रश्न लहान की मोठा असा नसून, लहान्याच्या पाठीशी घरी मोठा साठा ठेवावा की गाडी येईल तसा नायट्रोजन भरून घेत राहावे, हा आहे.

लहान कॅनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो भरलेला असतानाही एका हाताने उचलता येतो, घरात त्याची वेगळी व्यवस्था करावी लागत नाही आणि चुकून कलंडलाच तर सांडणारा द्रवही थोडाच असतो. ज्यांच्या गावात दूध संघाची नायट्रोजनची गाडी ठरल्या वारी दारात येते आणि ज्यांच्याकडे आठवड्याला चार-पाचच रेतने असतात, त्यांनी मोठ्या कॅनच्या भानगडीत पडू नये, असे मलाही प्रामाणिकपणे वाटते.

माझे मन वळवले ते पट्टीने. सकाळी चहाच्या आधी कॅनचे बूच काढायचे, लाकडी पट्टी तळाला टेकवून दहा-पंधरा सेकंद धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची आणि जिथवर पांढरे दव धरते तिथवर बोटे मोजायची, हा माझा सहा वर्षांचा नित्यक्रम होता. पट्टी भरीवच हवी, कारण पोकळ नळी घातली तर आतला द्रव उकळून वरच्या टोकातून थेट चेहऱ्यावर उसळतो. एका नवशिक्या मदतनिसाने तो प्रयोग माझ्यासमोर केला आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता म्हणून बरे झाले. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की मोजण्यासाठी कॅन उघडावा लागतो आणि उघडला की नायट्रोजन आणखी उडतो. कागदावर तीन आठवडे टिकणारा कॅन ऊसतोडीच्या हंगामात, ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवरून आदळत गेल्यावर, माझ्याकडे दहा-बारा दिवसांवर कधी टिकला नाही. म्हशीचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो आणि मुका माज असेल तर मालकाला तो उशिराच कळतो. रात्री नऊ वाजता ‘डॉक्टर, म्हस वरडाय लागल्या, सकाळी या’ असा फोन आला की मला आधी म्हैस आठवत नसे. सकाळच्या पट्टीवरची बोटे आठवत असत.

जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुरवठ्याची गाडी येऊ शकली नाही. माझ्या कॅनमध्ये दोन बोटे नायट्रोजन उरला होता, म्हणजे कांड्यांचे तळ बुडालेले आणि वरची टोके उघडी होती. गाडी आली, कॅन भरला आणि मी काम पुढे चालू केले. त्या कांड्यांनी भरवलेल्या नऊ म्हशींपैकी आठ पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांत उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. दोष त्या कांड्यांचाच होता असे मी शपथेवर सांगणार नाही, उलटण्याला इतर दहा कारणे असतात. मात्र गोठलेले वीर्य उणे १३० अंशांच्या वर येऊ लागले की आतील बर्फाचे स्फटिक वाढून शुक्राणूंना इजा करतात आणि नंतर नायट्रोजनात पुन्हा बुडवल्याने ती इजा भरून निघत नाही. बिघडलेली कांडी आणि चांगली कांडी डोळ्यांना सारखीच दिसते, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. तरीही निर्णय पुरामुळे झाला असे मी मानत नाही, कारण पूर काही वर्षांतून एकदा येतो आणि पट्टी रोज घालावी लागते.

मोठा कॅन आल्यापासून दर दहा दिवसांनी त्यातून लहान्यात ओतून घेतो आणि दीड महिना निर्धास्त असतो. निवडक वळूंच्या कांड्या घरच्या कॅनमध्ये खोल बुडालेल्या असतात. रस्त्यावर फक्त त्या आठवड्याच्या लागतील तेवढ्याच जातात. राजारामपुरीत दवाखाना असलेले माझे एक त्वचारोगतज्ज्ञ मित्र चामखीळ गोठवण्यासाठी अधूनमधून अर्धा लिटर घेऊन जातात, तेही आता विनासंकोच देता येते. लहान कॅनच्या काळात त्यांना नाही म्हणताना जिवावर येत असे.

आता मोठ्याचे दोष सांगतो आणि ते किरकोळ नाहीत. नायट्रोजनचेच वजन अठ्ठावीस किलो, कॅनसह ते चाळिसाच्या पुढे जाते. असा कॅन हाताने कलता करून ओतणे हे दोन माणसांचे काम आहे आणि अपघात होतात ते ओततानाच. मी शिवाजी उद्यमनगरातील एका कारागिराकडून कॅन बसवून हळूहळू कलता करता येईल असा लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतला, तेव्हा ही अडचण निम्म्याने कमी झाली. कोमट कॅनमध्ये पहिली धार पडताच द्रव खळखळून उसळतो, म्हणून सुरुवात अगदी बारीक धारेने करावी. चेहऱ्यावर ढाल, हातात कोरडे आणि झटकन काढता येतील असे सैल चामडी हातमोजे आणि पँट बुटांच्या बाहेर. उघड्या त्वचेवरून थेंब बहुधा घरंगळून जातो, पण बुटात किंवा सुती मोज्यात अडकलेला थेंब मांस जाळतो.

दुसरा दोष जागेचा आहे. एका लिटर द्रवाचा साधारण सातशे लिटर वायू होतो. पस्तीस लिटर सांडले तर चोवीस हजार लिटरच्या वर वायू होईल आणि दहा बाय दहाच्या खोलीत मुळात हवाच पंचवीस-सव्वीस हजार लिटर असते. नायट्रोजनला वास नाही, शिवाय गुदमरल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने तशी होत नाही. म्हणजे माणूस कासावीस न होताच खाली कोसळू शकतो. म्हणून माझा कॅन जाळीच्या व्हरांड्यात असतो, झोपण्याच्या खोलीजवळ नाही. याच हिशेबाने दहा-अकरा लिटरचा मधला कॅन चारचाकीत ठेवून फिरण्याचा पर्याय मी सोडून दिला. काचा बंद असताना गाडीत एक लिटर जरी सांडला तरी ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून सतराच्या खाली येऊ शकतो.

घरातल्या माणसांना समजावणे हे वेगळेच काम आहे. कॅन आणला त्या आठवड्यात आईने बुचाभोवतीची वाफ पाहून, ‘एवढं महागाचं वाया चाललंय’ म्हणून तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर लावले होते. मी गोठ्यावरून परतलो तेव्हा ती पिशवी टम्म फुगून उभी होती. पिशवी होती म्हणून निभावले. तिथे घट्ट आटे असलेले झाकण असते तर कॅन फुटला असता. बूच सैल असते ते दोष म्हणून नव्हे, हे तिला त्या दिवशी पटले. भाच्याच्या हळदीत धुराचे सरबत करण्यासाठी दोन लिटर मागितले गेले, तेव्हा मात्र मी सरळ नकार दिला. पेल्याच्या तळाशी उरलेला घोट पोटात गेला तर जठराला भोक पडू शकते आणि तामिळनाडूने २०२४ मध्ये खाद्यपदार्थांतील याच प्रकारावर कडक निर्बंध घातले, ते उगाच नव्हे.

हे सगळे मांडूनही, आठवड्याला दहाच्या वर रेतने असतील आणि घराला हवेशीर व्हरांडा असेल तर मी मोठ्या कॅनकडे झुकेन. जुना मिळत असेल तर घेण्यापूर्वी एक काम करावे. तो भरून किराणा दुकानातल्या मोठ्या काट्यावर वजन करावे, बूच न काढता चोवीस तास ठेवावे आणि पुन्हा वजन करावे. आठशे ग्रॅम म्हणजे एक लिटर. माझा कॅन दिवसाला पाव किलोच्या आत-बाहेर घटतो. घट त्याच्या दुप्पट-तिप्पट निघाली, किंवा बाहेरच्या पत्र्यावर दव धरलेले दिसले, तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली असे समजून तो कितीही स्वस्त असला तरी परत करावा. मीही आता महिन्याच्या एक तारखेला कॅन काट्यावर ठेवतो. लाकडी पट्टी व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली आहे आणि ती फक्त लहान्यासाठी, तीही ओतण्याच्या दिवशीच, खाली निघते.