साडेचार की पाच? एअर पिस्तुलाची साईट बदलण्याआधी

माझी भाची नववीत आहे. दीड वर्षापासून 10 मीटर एअर पिस्तूल करते. दिवाळीनंतर तिचे ग्रुप (टार्गेटवर गोळ्यांच्या खुणांचे पुंजके) आडवे पसरायला लागले, तेव्हा तिच्या बाबांनी एका सीनियर मुलाचं बघून 4 मिलिमीटरची फ्रंट साईट मागवली, म्हणजे नळीच्या टोकावरची ती उभी पट्टी, जी मागच्या खाचेत मधोमध धरून नेम धरतात. साईट बारीक म्हणजे नेमही बारीक, असा त्यांचा हिशोब. महिनाभरात ग्रुप आणखी पसरले. पोरगी रडकुंडीला आली आणि मला ते बघवेना. रेंजवर असे पालक दर आठवड्याला भेटतात, म्हणून हा पर्याय-पर्यायांचा हिशोब इथे मांडते आहे.

आधी एक मोजमाप करा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून नेहमीसारखा हात ताठ धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेपने डोळ्यापासून रिअर साईटपर्यंतचं (मागच्या खाचेपर्यंतचं) आणि फ्रंट साईटपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. माझं आलं 68 आणि 101 सेंटीमीटर. भाचीचं आलं 50 आणि 83. पिस्तूल एकाच मॉडेलचं, पण हात आखूड, त्यामुळे चित्रच वेगळं.

साडेचार मिलिमीटरची माशी (जुने लोक फ्रंट साईटला माशीच म्हणतात) मला मागच्या खाचेत साधारण 3 मिलिमीटर रुंद दिसते. खाच साडेचारची असेल तर दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मिलिमीटर उजेडाची फट उरते, म्हणजे माशीच्या पाव हिश्शाएवढी. त्याच साईटवर भाचीला माशी 2.7 मिलिमीटरचीच दिसते आणि फट तिच्या एक तृतीयांश होते. तिथे 4 ची माशी लावल्यावर फट जवळजवळ निम्म्या माशीएवढी झाली. एवढ्या मोकळ्या जागेत माशी मधोमध आहे की जरा डावीकडे सरकली आहे, हे तिच्या डोळ्याला कळेना. गोळ्या आडव्या का जात होत्या ते लगेच लक्षात आलं.

हे का महत्त्वाचं, त्याचा आकडा सांगते. पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर 33 सेंटीमीटर धरलं, तर खाचेतली पाव मिलिमीटरची चूक 10 मीटरवर साडेसात मिलिमीटर होते. टेनचं (दहा गुणांचं) वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आणि पॅलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) साडेचारची. पॅलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला तरच टेन मिळतो. म्हणजे पाव मिलिमीटर ढळलं की टेन काठावर आला. उलट साईट एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि हात सगळाच 5 मिलिमीटर हलला, तर गोळीही तेवढीच हलते. म्हणून साईट निवडताना मी टार्गेट किती छान दिसतं ते बघतच नाही. दोन फटी एकसारख्या आहेत हे झटकन कळतं का, एवढंच बघते.

भाचीसाठी शेवटी 5 ची माशी घेतली. तिच्या हाताच्या अंतरावर फट पुन्हा पाव हिश्शावर आली, म्हणजे मला साडेचारने दिसतं तेच चित्र. शिवाय 10 मीटरवर ही माशी तिला सुमारे 60 मिलिमीटर रुंद दिसते आणि टार्गेटचा काळा भाग 59.5 चा आहे. माशी काळ्याएवढीच रुंद दिसली की काळ्याखाली ती मधोमध ठेवायला मुलांना सोपं जातं. वाढत्या वयात हात लांबतो, म्हणून 4 ची फेकून दिली नाही, पण आज ती तिच्या कामाची नाही.

आता मागची बाजू. फ्रंट साईट बदलण्याऐवजी खाचच कमी-जास्त केली तर? ज्या पिस्तुलांत स्क्रूने खाचेची रुंदी बदलते, तिथे हा पर्याय पहिला. फुकट आहे आणि पाच मिनिटांत कळतं. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत साईटला भरपूर वाव असतो, काहींत खाचेची खोलीही बदलते. मुलांच्या बाबतीत धोका एकच: दर मॅचला स्क्रू फिरवत बसतात. खाच एकदा ठरली की नोंदवहीत लिहा आणि तीन महिने हात लावू देऊ नका. बदलत्या पट्ट्यांची रिअर साईट असेल तर ही चाळवाचाळव होत नाही, पण हवी ती पट्टी बाहेरून मागवावी लागते आणि वाट बघण्यात हंगाम जातो. शिकाऊ मुलासाठी मी स्क्रूवालीच घेईन.

खाचेचा तळ गोल की चौकोनी, यावर रेंजवर तासन्‌तास वाद होतात. चौकोनी खाचेत वरच्या कडा एका रेषेत आणायला सोपं जातं, म्हणून मी चौकोनी वापरते. गोल आवडणारेही उत्तम गुण काढतात.

उजेडाचा विचार मात्र कुणी करत नाही. स्पर्धेच्या हॉलमध्ये टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड असतो. घराच्या गच्चीवर किंवा क्लबच्या ट्यूबलाइटखाली त्याच्या निम्माही नसतो. अंधूक उजेडात अरुंद फट काळवंडते, डोळा ती शोधत राहतो आणि ट्रिगर दाबायला उशीर होतो. सराव अंधूक जागी होत असेल तर फट पाव हिश्शापेक्षा जरा मोकळीच ठेवा, किंवा त्याहून बरं, टार्गेटवर एक चांगला दिवा लावा. माशी चमकत असेल तर ती पिस्तुलावरून काढून कापराच्या धुरावर धरायची. त्या काजळीसारखा गडद काळा रंग दुसरा नाही. हवेचं सिलिंडर लावलेल्या पिस्तुलाजवळ ज्योत अजिबात नेऊ नका.

.22 (बारुदाच्या काडतुसाचं पिस्तूल) करणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. 25 मीटर पिस्तुलात 30 गोळ्या प्रिसिजनच्या (सावकाश, अचूक नेमाच्या) असतात, त्यांना पाच गोळ्यांमागे 5 मिनिटं मिळतात. उरलेल्या 30 रॅपिडच्या (झटपट नेमाच्या), तिथे टार्गेट 3 सेकंदच समोर येतं आणि हात खालून वर आणायचा असतो. त्या घाईत माशी खाचेत सापडलीच पाहिजे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, ते याच प्रकारात. प्रिसिजनला आवडणारी अरुंद फट रॅपिडला नडते, म्हणून इथे एअर पिस्तुलापेक्षा मोकळी खाच घ्या आणि दोन्ही टप्प्यांत तीच ठेवा.

फायबरचा हिरवा-लाल ठिपका स्वस्त एअर पिस्तुलांवर येतो आणि मुलांना फार आवडतो. कागदी टार्गेटसाठी तो नको. ठिपक्याला सपाट वरची कड नसते, मग उंची जुळवायची कशावर? रेड डॉटचा (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटचा) तर प्रश्नच नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साईट चालतात.

आणि चाळिशी उलटलेल्यांनो, तुमची तक्रार साईटची नसण्याचीच शक्यता जास्त. मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी दोन माश्या बदलल्या, दोन्ही धूसरच दिसायच्या. वाचनाच्या भिंगाचा नंबर 40 सेंटीमीटरसाठी असतो आणि माशी मीटरभर लांब. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर मान हलली की चित्र बदलतं. शेवटी मीटरभर काठीच्या टोकाला काळ्या टेपचा चौकोन चिकटवला आणि ती काठी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. माझ्या लांबच्या नंबरात अधिक 0.75 मिळवल्यावर टेपची कड कापल्यासारखी स्पष्ट दिसली आणि टार्गेट थोडंसंच विरघळलं. बहुतेकांचा आकडा अधिक 0.5 ते 0.75 मध्येच बसतो. हे भिंग शूटिंगच्या फ्रेममध्ये बसवा. नियमाने भिंग चष्म्यात चालतं, साईटवर चालत नाही.

जे बदलाल ते एका वेळी एकच. नवी माशी बसवून स्क्रू घट्ट केल्यावर पाच-पाच गोळ्यांचे सहा ग्रुप काढा आणि मगच क्लिक (रिअर साईट सरकवणारा स्क्रू) फिरवा. माशी आधीपेक्षा उंच असेल तर गोळी खाली पडेल. रिअर साईट मात्र गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची. जुनी साईट छोट्या डबीत ठेवून वर तिचा आकार आणि काढल्याची तारीख लिहा. भाचीच्या डबीवर 4 मिलिमीटर लिहिलंय आणि खाली तिच्याच अक्षरात, हात लांबल्यावर बघू.