आठ महिने सोर्समधून कंपाइल: एरर दिसतो कुठे, असतो कुठे

दोन लिनक्स मशीन, एकावर डेबियन, दुसऱ्यावर फेडोरा. आठ महिन्यांत छोट्या सी प्रोग्रामपासून तासभर चालणाऱ्या सी++ प्रोजेक्टपर्यंत बरंच काही सोर्समधून कंपाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून चालता प्रोग्राम बनवून झालं. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ (मशीन तपासणं, बांधणं, बसवणं) या तीन कमांड दरवेळी सरळ चालत नाहीत, आणि अडतात तेव्हा दोष क्वचितच कोडचा असतो. मशीनवर जे आहे ते कंपायलरला दिसत नसतं, किंवा भलतंच काहीतरी दिसत असतं.

सर्वांत जास्त वेळा येणारा अडथळा म्हणजे लायब्ररी (प्रोग्रामना लागणारा तयार कोड) इन्स्टॉल असूनही ‘सापडत नाही’ हा संदेश. प्रोग्राम चालवायला लागणारी फाइल वेगळी आणि कंपाइल करायला लागणारे हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनची कंपायलरला ओळख करून देणाऱ्या फाइली) वेगळे. डेबियन-उबुंटूवर हेडरच्या पॅकेजला ‘-डेव्ह’ लागतं, फेडोरावर ‘-डेव्हेल’. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीचंच बघा: ‘झेडलिब१जी’ आधीपासून असतं, पण हेडर ‘झेडलिब१जी-डेव्ह’मध्ये. (आर्च लिनक्सवाल्यांना हे दुखणं फारसं माहीत नसतं, तिथे हेडर मूळ पॅकेजातच येतात.) कुठलं हेडर कुठल्या पॅकेजात आहे हे ‘एपीटी-फाइल सर्च’ किंवा ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ सांगतं. सॉफ्टवेअर डिस्ट्रोमध्येही (तुमच्या लिनक्स वितरणातही) असेल तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ एका फटक्यात सगळं आणतं; फक्त आधी सोर्स रिपॉझिटरी चालू करावी लागते, आणि नव्या आवृत्तीला वर एखादं पॅकेज जास्तीचं लागू शकतं.

कॉन्फिगरच्या शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा, पण तळाशी जाऊ नका. तिथे नुसती व्हेरिएबलची यादी असते. अडलेल्या चाचणीचं नाव शोधा, तिच्याखाली कंपायलरचं मूळ म्हणणं आणि चाचणीचा छोटा प्रोग्राम सापडतो. ‘सी कंपायलर एक्झिक्युटेबल बनवू शकत नाही’ या घाबरवणाऱ्या ओळीमागे अनेकदा ‘सीआरटी१.ओ’ (प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल) सापडत नाही एवढंच असतं, आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ पॅकेज टाकलं की काम होतं. मेसॉन या बिल्ड साधनात हाच लॉग ‘मेसॉन-लॉग्ज’ फोल्डरमध्ये असतो. सीमेक या तशाच दुसऱ्या साधनात ३.२६ पासून ‘सीमेककॉन्फिगरलॉग.याम्ल’ बघायचा.

‘मेक -जे’ पुढे आकडा न घालणं ही हमखास चूक. आकडा नसेल तर मेक मर्यादाच ठेवत नाही. जड सी++ फाइलला दीड-दोन जीबी रॅम सहज लागते, म्हणून १६ थ्रेड आणि ८ जीबी रॅम असेल तर ‘-जे४’च. ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ (सी++ कंपायलर) एका ओळीत दिसलं की कर्नलने मेमरीअभावी कंपायलर मारलाय. ‘डीमेसेज’मध्ये त्याची नोंद मिळते. याउलट दरवेळी वेगळ्याच फाइलवर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येत असेल तर रॅम किंवा तापमान तपासा. साधा एरर अनेक ओळींच्या गर्दीत हरवला असेल तर ‘मेक -जे१ व्ही=१’ पुन्हा चालवा. झालेलं काम परत होत नाही, गाडी थेट अडलेल्या फाइलपाशी थांबते आणि पूर्ण कमांड दिसते.

खरी डोकेदुखी म्हणजे जुना सोर्स आणि नवा कंपायलर. जीसीसी कंपायलर १० (२०२०) पासून हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’शिवाय लिहिलेलं ग्लोबल व्हेरिएबल ‘मल्टिपल डेफिनिशन’ देतं. ‘-एफकॉमन’ने तात्पुरतं सुटतं. जीसीसी १४ (२०२४) मध्ये घोषणा नसलेलं फंक्शन हा इशारा न राहता एरर झाला. जीसीसी १५ (२०२५) चं डीफॉल्ट सी२३ (सी भाषेचं नवं मानक) आहे, तिथे रिकामा कंस म्हणजे आर्ग्युमेंट नाहीत आणि ‘बूल’ हा राखीव शब्द; ‘-एसटीडी=जीएनयू१७’ दिलं की बरेच प्रोजेक्ट निमूट चालतात. सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढली, तिथे ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५’ हा पर्याय द्यायचा.

यातला जीसीसी १४ चा बदल सर्वांत फसवा. एरर परत इशाऱ्यावर आणता येतो, पण घोषणा नसलेलं फंक्शन ‘इंट’ देतं असं कंपायलर धरतो. ते प्रत्यक्षात पॉइंटर देत असेल तर ६४-बिट मशीनवर वरचे ३२ बिट गळतात आणि कंपाइल झालेला प्रोग्राम चालताना कोसळतो. योग्य हेडर ‘इन्क्लूड’ करणं हाच उपाय. दुसरा फटका कॉन्फिगरमध्ये बसतो. जुन्या चाचणी-प्रोग्राममध्येच हेडर नसतं, चाचणी नापास होते आणि कॉन्फिगर गुपचूप ‘ही सोय सिस्टिममध्ये नाही’ असं ठरवतं. एरर कुठेच नाही, सॉफ्टवेअर बनतं, एक फीचर मात्र गायब. सगळं ‘यशस्वी’ झाल्यावरही कॉन्फिगरचा सारांश वाचायची सवय यामुळेच लावावी.

लिंकरच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाच्या) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’मागे बहुधा क्रम असतो. स्टॅटिक लायब्ररी तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्टच्या नंतर यायला हवी, म्हणून ‘-एल’ची नावं ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये न टाकता ‘लिब्ज’मध्ये टाका.

चालवताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही’ आलं तर आधी ‘एलडीडी’ (कुठली लायब्ररी सापडत नाही ते दाखवतं), मग ‘एलडीकॉन्फिग’ (लोडरची यादी ताजी करतं). काही डिस्ट्रोंवर ‘/यूएसआर/लोकल/लिब६४’ लोडरच्या यादीतच नसतं, ते ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’मध्ये फाइल करून घालावं लागतं. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ (लायब्ररींची माहिती कुठे शोधायची तो मार्ग) बदलूनही सीमेक जुनाच मार्ग धरत असेल तर ते त्याच्या कॅशेमुळे, ‘सीमेक --फ्रेश’ (३.२४ पासून) वापरा, नाहीतर बिल्ड फोल्डरच उडवा.

इन्स्टॉल ‘/ऑप्ट’मध्ये, प्रत्येक आवृत्तीला वेगळा प्रिफिक्स (इन्स्टॉलचं मूळ फोल्डर) देऊन करणं सर्वांत सोयीचं ठरलं, काढायचं झालं की फोल्डर पुसा. सीमेकमध्ये अनइन्स्टॉल आपोआप मिळत नाही, पण ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी’मध्ये टाकलेल्या फाइलींची यादी राहते, तेवढी जपून ठेवा. ‘सुडो’ फक्त इन्स्टॉलला. ‘सुडो मेक’ केलं की फाइली रूटच्या होतात आणि पुढचं बिल्ड परवानगीवरून अडतं.

सीकॅशे (आधीच्या कंपाइलचा निकाल साठवून पुन्हा वापरणारं साधन) पहिल्या वेळी किंचित हळू चालतं. गिटवरून वारंवार नवा कोड ओढून पुन्हा कंपाइल करणाऱ्यालाच ते लावणं परवडतं.