हॉटेलच्या ट्रेनिंगच्या नावाखाली माझे २९,५५० रुपये गेले

लिहावं की नाही यातच पंधरा दिवस गेले. गावात अजून निम्म्या लोकांना वाटतं, पोरगा नागपूरला नोकरीला लागला. बाबांनीच सांगितलं होतं सगळ्यांना. आता तेच चौकात जायचं टाळतात.

मी अडाणी नाही, हे आधीच सांगतो. बीएस्सी झालोय. ओटीपी मागणाऱ्याला दोनदा शिव्या घालून फोन ठेवलाय. लॉटरी, केवायसी, वीज कापायचे मेसेज, हे सगळं तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे. तेव्हा 'एवढंही कळलं नाही?' हे विचारू नका, घरी रोज ऐकतोय.

जॉब पोर्टलवर बायोडाटा टाकला होता. व्हॉट्सॲपवर मेसेज आला: मोठ्या हॉटेलचा पदवीधरांसाठी ट्रेनिंग प्रोग्राम, १८ महिने, स्टायपेंड १६,०००, राहणं-जेवण त्यांचं. ऑनलाइन टेस्ट झाली, ४० प्रश्न, आणि अवघड होते. मग आठ जणांचं ग्रुप डिस्कशन. मग मुलाखत. त्यांचे कॅमेरे बंद होते, म्हणाले नेटवर्क नाही. आमच्या गावात राहून नेटवर्कवर संशय कोण घेणार?

बाईंनी विचारलं, "रात्री ११ वाजता पाहुणा कन्फर्म बुकिंग घेऊन उभा आहे, हॉटेल फुल्ल आहे. काय कराल?" मी चाचपडलो. मग त्यांनीच समजावलं: जवळच्या तोडीस तोड हॉटेलात खोली बघायची, गाडी आपली, त्या रात्रीचं बिल आपलं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं. नंतर शोधून पाहिलं, हॉटेलवाले खरंच असं करतात. तिथंच माझा विश्वास बसला. चोर एवढी मेहनत घेईल असं कोणाला वाटेल? आणि खरं सांगायचं तर पाऊण तास माझं बोलणं कोणी मन लावून ऐकलं, असं आजवर झालं नव्हतं.

तीन दिवसांनी ऑफर लेटर आलं, लोगो-शिक्क्यासकट. मग पैसे. एकदम नाही, एक भरला की दुसरा. रजिस्ट्रेशन १,२५०. मेडिकल ३,८००. युनिफॉर्म आणि किट ६,५००. परत मिळणारं डिपॉझिट १८,०००. 'परत मिळणारं' हा शब्द दिसला की फोन ठेवा.

डिपॉझिटच्या वेळी पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. हॉटेलचं नव्हतं, कुठल्यातरी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं होतं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. फोन लावला तर म्हणे, "सर, ते आमचे युनिफॉर्म व्हेंडर आहेत. आजच सीट लॉक करा, वेटिंगला मुलं आहेत." मला 'सर' म्हणाला तो! बाबा बाजेवर बसले होते. सोयाबीन नुकतंच ४,१०० नं गेलं होतं, २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ असूनसुद्धा. म्हणजे चार क्विंटलच्या वर माल त्या एका पिनवर. बाबा म्हणाले, "टाक ना बाप्पा, कायले इचार करून रायला?" टाकला. डिपॉझिटचे पैसे युनिफॉर्मवाल्याकडं कशाला जातील, हे माझ्या डोक्यात आलं चार दिवसांनी, एसटीत, बुटीबोरीजवळ. तोवर नवे काळे बूट पायात होते, ते ११०० वेगळेच.

हॉटेलच्या गेटवर गार्डनं लेटर बघितलं आणि काही न बोलता आत फोन केला. एक मॅडम बाहेर आल्या. "या आठवड्यातले तुम्ही तिसरे," म्हणाल्या. पाणी दिलं. त्यांच्याकडं हॉटेल मॅनेजमेंट केलेली मुलं थेट कॉलेजातून घेतात, पैसे कोणाकडूनच घेत नाहीत. माझी बीएस्सी वनस्पतिशास्त्राची. ती हॉटेलला कशाला हवी, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

आता पोलीस. तालुक्याचे म्हणाले, हॉटेल नागपूरचं, तिकडं जा. नागपूरला म्हणाले, पैसे गावातून गेले, तिकडं जा. परत तालुक्याला. तिथं साहेब बंदोबस्तात, दुसऱ्या दिवशी साहेब कोर्टात. तिसऱ्या दिवशी भेटले आणि म्हणाले, "पिन कोणी टाकला? तूच ना?" बँकेतही तेच वाक्य, फक्त काउंटरच्या काचेमागून. हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे मला पोलिसांनी नाही, झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. तोवर जाण्या-येण्यात आणि कागदांत १,४६० गेले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी पाचव्या दिवशी फोन केला. तुम्ही पाचव्या मिनिटाला करा. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे गोठवता येतात. माझे तोवर तिथून पुढं गेले होते. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी. मी रागाच्या भरात निम्मं उडवलं आणि तेच पुरावे मागितले.

ग्रुप डिस्कशनमधल्या एका पोराचा नंबर माझ्याकडं होता, वाशीमकडचा. त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं सिलेक्शन झालं नाही म्हणून जळून रायले काय, भाऊ?" संध्याकाळी त्याचं स्टेटस पाहिलं. तेच लेटर होतं, खाली 'आईबाबांचे आशीर्वाद'.