विलिस जीप की जोंगा? जुनी लष्करी गाडी घेण्याआधी

जुनी लष्करी गाडी घ्यायचं ठरलं की आपल्याकडे शोध बहुतेक दोन नावांवर येऊन थांबतो. एक, दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी आणि तिचीच जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू. या दोन्ही मिळून १९४१ ते १९४५ या काळात सुमारे साडेसहा लाख बनल्या. दुसरी जोंगा. निस्सानच्या पॅट्रोल (Patrol) या गाडीच्या ६० मालिकेच्या परवान्यावर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ ते १९९९ या काळात बनलेली आपल्या सैन्याची गाडी. जाहिरातीत दोघींनाही "मिलिटरी डिस्पोजल" म्हणतात, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने या अगदी वेगळ्या वस्तू आहेत. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: जपून ठेवण्यासाठी मूळ इंजिनाची, पूर्ण कागदांची विलिस. घाटात, मातीत चालवण्यासाठी जोंगा. आणि दोन्हीकडे गाडी किती चकचकीत आहे त्यापेक्षा ती किती कमी बदललेली आहे, याला किंमत द्या.

आधी कागद

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

इथे जोंगावाल्यांनी नीट थांबून विचार करावा. सैन्याच्या ताब्यात असताना गाडीला आरटीओचा नंबर नसतो. लष्कराचा बाणाच्या खुणेचा नंबर असतो. १९७२ ची जोंगा लिलावात निघून १९९५ मध्ये पहिल्यांदा आरटीओत नोंदली गेली असेल, तर आरसीवरची तारीख १९९५ ची. विक्रेता "पन्नास वर्षं झाली, व्हिंटेजमध्ये जाईल" म्हणाला तरी आरसी बघितल्याशिवाय ते धरून चालू नका आणि आपल्या आरटीओत आधी विचारा. व्हिंटेजमध्ये न बसणारी गाडी साध्या खासगी नोंदणीवर राहते: १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. त्याचा फायदा असा की ती हवी तेव्हा चालवता येते.

इंजिन बदलाचा प्रश्न दोघींनाही भोवतो. आपल्याकडे पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून असंख्य जीपमध्ये मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. जोंगातही तेच झालं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती गाडी अडचणीची आहे. बदल आरसीवर चढवलेला असेल तर रस्त्यावर चालेल, पण व्हिंटेज म्हणून तिचा दावा लंगडा पडतो.

रंगाचंही तसंच. केंद्रीय नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. त्यामुळे "मिलिटरी ग्रीन करून देतो" म्हणणाऱ्या पेंटरला थांबवा. विलिसला उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश गाड्यांचा वाळूसारखा रंग किंवा अमेरिकी नौदलाचा राखाडी शोभतो, आणि दोन्ही इतिहासाला धरून आहेत. लष्कराची चिन्हं आणि बाणाचा नंबर नागरी गाडीवर रंगवू नका.

खरी विलिस ओळखायची कशी

बाजारात "विलिस" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या प्रत्यक्षात महिंद्राच्या सीजे (युद्धानंतरची नागरी जीप) असतात, किंवा हरियाणातल्या डबवाली गावाकडे नव्या पत्र्यात बांधलेल्या. काही खुणा पाच मिनिटांत कळतात. एमबी आणि जीपीडब्ल्यू कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगच्या निघाल्या. उजवं स्टिअरिंग असेल तर ते नंतर केलेलं आहे, किंवा गाडीच वेगळी आहे. दाबून काढलेल्या पत्र्याच्या जाळीत ९ फटी असतात, युद्धानंतरच्या सीजेत ७. अगदी सुरुवातीच्या विलिसना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. मागे उघडणारं फाटक नसतं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि भरायला सीट उचलावी लागते. बाहेर बाजूला झाकण दिसलं की ती सीजे. व्हीलबेस ८० इंच.

मग गाडीखाली शिरा. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलिसची, उलट्या यू आकाराच्या पट्टीचा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, "एफ" ठोकला होता. जीपीडब्ल्यूमध्ये चासी आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून एकच असे. एमबीत तो मुळातच वेगवेगळा, त्यामुळे तिथे नंबर न जुळणं हा दोष मानू नका. विलिसची नंबराची पाटी चासीच्या पुढच्या डाव्या टोकाला आतून रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट नवे कोरे दिसले की संशय घ्या.

महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी विलिस म्हणून घेऊ नका, पण महिंद्रा म्हणून जरूर घ्या. बॉनेट उंच आहे कारण तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसतात. बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल) विलिसचेच असल्याने खालच्या भागातलं बरंच सामान एकमेकांना चालतं. बजेट कमी असेल तर हीच सर्वांत प्रामाणिक खरेदी.

जोंगाची ओळख पटवणं सोपं आहे, तिची नक्कल कोणी करत नाही. तिथे एकच प्रश्न: मूळ सहा सिलिंडरचं इंजिन आहे का?

इंजिन आणि गिअर

विलिसचं एल-१३४ इंजिन २,१९९ सीसी, चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ६० अश्वशक्ती. कॉम्प्रेशन ६.४८, म्हणजे महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा काही उपयोग नाही. फटी ठेवायच्या त्या अशा: टॅपेट थंड इंजिनात ०.०१४ इंच, पॉइंट ०.०२० इंच, प्लग ०.०३० इंच. सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२. साध्या मिस्त्रीलाही हे जमतं. धोका ब्लॉकमध्ये असतो: तापलेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामध्ये बारीक चीर जाते. घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एकमेकांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड काढून चीर तपासल्याशिवाय सौदा करू नका.

टी-८४ गिअरबॉक्स ही तिची कमजोर बाजू. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर आतले दात आणि बेअरिंग झिजलेत. ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मधला शाफ्ट फक्त पाऊण इंचाचा आहे, तो झिजला की घरघर येते. दोन्हीत जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं तेल घाला. जीएल-५ मधलं गंधक सिंक्रोच्या पितळी रिंगा खातं, आणि दुकानदार हटकून तेच देतो. डिझेल बसवलेल्या जीपमध्ये त्या इंजिनाचं वजन आणि धक्के या हलक्या गिअरबॉक्सला आणि चासीला पेलत नाहीत, म्हणून पुढच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ वेल्डिंगचे जुने ठिगळ शोधा.

जोंगाचं इंजिन ३,९५६ सीसी, सहा सिलिंडर, सुमारे ११० अश्वशक्ती. खालच्या वेगात ओढ इतकी की चढावर गिअर बदलायची घाई होत नाही. विलिस ६५-७० किमी वेगाच्या पुढे ओरडू लागते, जोंगा तिथे निवांत असते. याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते: लिटरला ४-५ किमी धरून चला. इंजिनाचं हेच घराणं जबलपूरच्या निस्सान वन-टन गाडीतही होतं, त्यामुळे इंजिनाचं सामान शोधताना भंगारवाल्याला फक्त जोंगा सांगू नका, वन-टनही सांगा.

सुटे भाग कुठे अडतात

इथे निकाल उलटा लागतो. ऐंशी वर्षांची विलिस जोंगापेक्षा सांभाळायला सोपी आहे. जगभर तिचे भाग आजही नव्याने बनतात, अगदी फिलिपिन्समध्ये पूर्ण बॉडीसुद्धा. मागवणं खर्चिक, पण मिळतं. सीजेमुळे बेअरिंग, ब्रेकचे रबर, ऑइल सील आपल्याकडेही सापडतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी. मात्र नवी बॉडी चढवली की गाडीचं मूळपण गेलं. सडलेला पत्रा कापून तेवढाच तुकडा जोडणारा कारागीर शोधा.

जोंगाला असा जागतिक बाजार नाही. मॅनिफोल्ड, काचेच्या रबर पट्ट्या, दरवाजांचे कान, डॅशबोर्डचे मीटर या गोष्टी अडतात. म्हणून जोंगा घेताना इंजिनापेक्षा अपूर्णतेला घाबरा. दमलेलं इंजिन बोअरिंग करून उभं राहतं, हरवलेलं मीटर मिळत नाही. जमलं तर सामानासाठी दुसरी मोडकी जोंगा सोबत घ्या.

ब्रेक, टायर, चाकं

दोन्हीकडे चारही चाकांना ड्रम. विलिसचा हायड्रॉलिक ब्रेक एकाच सर्किटचा आहे; एक व्हील सिलिंडर गळला की पूर्ण पेडल खाली जातं. तेल दर दोन वर्षांनी बदला. ते ओलावा ओढतं आणि सिलिंडरला आतून खड्डे पाडतं. विलिसच्या काही चाकांची रिम दोन भागांची असून ८ बोल्टने जोडलेली असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टला पाना लावू नका, भाग सुटून जीव जाऊ शकतो. पंक्चरवाल्याला हे तोंडी सांगा आणि तिथे उभे राहा. जुन्या नक्षीचे ६.००-१६ टायर चिखलात धरतात, पावसात डांबरावर घसरतात. आणि फोर-व्हील डांबरावर नको. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक झेलणारा मधला डिफरन्शिअल नसल्याने वळणावर गिअरांवर ताण साठतो.

पावसाळ्यात सांभाळ

विलिसच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराची पट्टी असते, तिच्यात कारखान्यानेच लाकूड भरलं होतं. ते पाणी धरतं आणि बॉडी आतून कुजते. लाकूड काढून, गंज खरवडून, इपॉक्सी प्रायमर मारून पाणी निघायला भोकं मोकळी ठेवा. जुना रंग सरसकट मशिनने उडवू नका. बॉनेटच्या बाजूला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हळूहळू घासलं तर खालचा युद्धकाळातला नंबर सापडू शकतो. सापडला तर फोटो काढा, माप घ्या, मग पुढे जा. जोंगावरही तसंच करा.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी जून ते सप्टेंबर उभी राहणार असेल तर प्लास्टिकची ताडपत्री नको, आत घाम धरतो. सुती कव्हर घाला. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धवट टाकीतल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी उतरतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात. नळ्या इथेनॉल झेलणाऱ्या बसवा. क्लच पेडल लाकडी फळीने दाबून अडकवा, नाहीतर प्लेट चिकटते. इंजिन चालू करायचंच असेल तर २०-३० मिनिटं, पुरतं तापेपर्यंत. दोन मिनिटांनी बंद केलं तर तेलात पाणी साठतं.

आणि जिप्सी?

सैन्यातून निघालेली १,२९८ सीसीची मारुती जिप्सी या रांगेत वयाने अजून लहान आहे. पण दर शनिवारी-रविवारी ताम्हिणीत किंवा माळशेजला जायचं असेल, घरचे सोबत असतील आणि गॅरेजचा छंद नसेल, तर तीच घ्या. तिचं सामान आजही सहज मिळतं. विलिसची किंवा जोंगाची टोकन रक्कम देण्याआधी मात्र तीन गोष्टी हातात असू द्या: आरसीची प्रत, लिलावाचं मूळ पत्र असल्यास ते, आणि चासी व इंजिनाच्या नंबरांचे कागदावर पेन्सिलीने घेतलेले ठसे. ठसे घेऊ देत नसेल तर तिथून निघा.