नाशिकच्या काळ्या दगडापुढे अशनी ओळखण्याचं किट

अंतराळातून पडलेला दगड, म्हणजे अशनी, घरबसल्या ओळखण्याचं किट हल्ली दोन हजारांच्या आत ऑनलाइन मिळतं. डबीत असतं ते असं: निओडिमियमचं एक बटणाएवढं चुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, चकाकी नसलेली पांढरी चिनीमातीची पट्टी, तीन दर्जांचे पॉलिश पेपर, निकेल तपासायच्या दोन बाटल्या, कापसाच्या काड्या आणि एक इंग्रजी पुस्तिका. साहित्य चांगलं आहे. भिंगाची काच स्वच्छ आहे, कडेला रंग फुटत नाहीत. पण पुस्तिकेतला तपासणीचा क्रम नाशिकमध्ये जसाच्या तसा वापरला, तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याचा प्रत्येक दुसरा दगड आकाशातून पडलेला ठरेल.

पुस्तिकेची पहिली पायरी आहे चुंबक. चिकटलं तर पुढे जा, नाही चिकटलं तर दगड टाकून द्या. वाळूचे, चुनखडीचे खडक असलेल्या मुलखात हा सल्ला ठीक आहे. नाशिक मात्र दख्खनच्या बसाल्टवर, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या खडकावर बसलंय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हात मॅग्नेटाइट या चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण सगळीकडे पसरलेले आहेत. निओडिमियमचं चुंबक दोऱ्याला टांगून अंजनेरीच्या, पांडवलेण्याच्या किंवा गोदावरीच्या पात्रातल्या काळ्या दगडाजवळ नेलं की ते दगडाकडे झुकतं, कधी कधी चिकटूनही बसतं. चुंबक सांगतं ते एवढंच, की दगडात लोह आहे. नाशिकमध्ये या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो'च येतं.

उलट बाजूनेही ही पायरी फसवते, म्हणजे खरा अशनी टाकून द्यायला लावते, आणि त्याच्या पुराव्याचा धागा पुस्तिकेच्याच मधल्या पानांत आहे. तिथे शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट रंगवून सांगितली आहे: न्यू मेक्सिकोच्या आकाशात हिरवे गोळे दिसू लागले आणि लष्कराच्या शास्त्रज्ञांना मदत करायला एक विक्षिप्त उल्कावेडा धावला. हा माणूस म्हणजे लिंकन लापाझ. त्यांना नुसतं वेडं ठरवणं अन्यायाचं आहे. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि 1944 मध्ये त्यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात अशनींच्या अभ्यासाची संस्था उभारली होती. 1948 च्या अखेरीस हिरवे गोळे दिसू लागले तेव्हा अमेरिकी हवाई दलाने त्यांना विचारलं. साक्षीदारांच्या जबान्यांवरून मार्ग आखून, तुकडे पडायला हवेत ती जागा शोधून काढायची, ही त्यांची पद्धत. या वेळी तुकडे सापडले नाहीत. गोळे जवळजवळ आडवे जात होते, आवाज येत नव्हता, रंग एकसारखा हिरवा होता. म्हणून या नेहमीच्या उल्का नाहीत, असं त्यांनी ठामपणे मांडलं. फेब्रुवारी 1949 मध्ये लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत यावर बैठक झाली, भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर तिथे हजर होते. मग 'ट्विंकल' नावाचा निरीक्षण प्रकल्प चालला आणि 1951 मध्ये ठोस काही हाती न लागता संपला.

पुस्तिकेने सोडून दिलेला भाग इथे जास्त उपयोगाचा आहे. त्याच 1948 साली, 18 फेब्रुवारीला, कॅन्सस आणि नेब्रास्काच्या सीमेवर एक मोठा अशनी पडला. लापाझ यांच्या संस्थेने त्याचा जवळजवळ एक टनाचा तुकडा मिळवला. नॉर्टन काउंटी नावाने ओळखला जाणारा हा अशनी ऑब्राइट जातीचा आहे. आतून जवळजवळ पांढरा, धातूचे कण अगदी तुरळक. किटची पहिली पायरी लावली तर हा टनभराचा अस्सल अशनी टाकून द्यावा लागेल आणि त्र्यंबकच्या घाटातला बसाल्ट घरी येईल.

चुंबकाचं आणखी एक नुकसान आहे आणि ते भरून येत नाही. काही अशनींत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद जपलेली असते. इतकं तीव्र चुंबक टेकवलं की ती नोंद पुसली जाते. प्रयोगशाळांत म्हणून चुंबक न लावता चुंबकीय ग्रहणक्षमता मोजणारं उपकरण वापरतात. घरी साधं होकायंत्र पुरतं: यंत्र टेबलावर स्थिर ठेवा, दगड हळूहळू जवळ आणा, सुई किती हलते ते पाहा. किटमधलं चुंबक डबीतच राहू द्या.

मग सुरुवात कशाने करायची? नाशिकमध्ये घनतेने. किटमध्ये वजनकाटा नाही, ही त्याची सगळ्यात मोठी उणीव. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा. दगडाला बारीक दोरा बांधून तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरून ठेवा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. 438 ग्रॅमच्या दगडाला काट्याने 150 दाखवले तर घनता 2.92, म्हणजे चांगला भरीव बसाल्ट. त्याच वजनाचा साधा दगडी अशनी असता तर आकडा 129 च्या आसपास आला असता, कारण त्याची घनता 3.4 च्या जवळपास असते. लोह-अशनी 7 च्या पुढे जातो. मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट ही लोहखनिजं 5 च्या थोडी वर येतात, त्यामुळे नुसत्या जडपणावर भरवसा ठेवू नका.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. दगड तळाला टेकला की आकडा फुगतो आणि घनता खोटी कमी येते. दगडाच्या भोकांत हवा अडकली तरी तसंच होतं. दगड पाण्यात असतानाच बोटाने हलवून बुडबुडे काढायचे. तिसरी चूक काट्याची: एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 50 ग्रॅमचा दगड तपासण्यात अर्थ नाही, एका ग्रॅमच्या फरकाने उत्तर 3.3 वरून 3.6 वर जातं. लहान दगडाला दागिने तोलायचा काटा हवा. आणि खरोखरच संशयास्पद दगड असेल तर पाण्यात मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नका. अशनीतलं लोखंड गंजतं, नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने आणखी लवकर. लगेच पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा.

घनता 3 च्या खाली आली आणि दगडात पांढरे, हिरवट गोल ठिपके दिसले तर तिथेच थांबा. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या नंतर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफायलाइट अशा खनिजांनी भरल्या गेल्या, त्याचे ते ठिपके. सर्वसाधारण अशनीत अशा बुडबुड्यांच्या पोकळ्या नसतात. या खनिजांशी ओळख करून घ्यायची असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दुपार घालवा. किटच्या पुस्तिकेतल्या टपालतिकिटाएवढ्या फोटोंपेक्षा डोळा तिथे कितीतरी लवकर तयार होतो.

पांढरी पट्टी हा किटचा सगळ्यात बिनतक्रार भाग. सराफाच्या कसोटीसारखीच वापरायची: दगडाचा कोपरा दाबून ओढा आणि रेघेचा रंग बघा. लालसर तपकिरी रेघ आली तर हेमाटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट. ताजा अशनी सहसा रेघ उमटवत नाही, फार तर फिकट राखी. पट्टी संपली तर नवी मागवू नका. घरातल्या चिनीमातीच्या फरशीची चकाकी नसलेली मागची बाजू, ती पांढरी असेल तर, तेच काम करते.

त्यानंतर कोपरा घासून 'खिडकी' उघडायची. आधी 120 नंबरचा पेपर, मग 400, शेवटी 1000. करंगळीच्या नखाएवढी जागा पुरे. कोरडंच घासा, तोंडाला मास्क लावा. भिंगाखाली राखाडी पार्श्वभूमीत काड्यांसारखे पांढुरके स्फटिक दिसले तर तो बसाल्टचा फेल्डस्पार. चांदीसारखे चमकणारे धातूचे ठिपके आणि मिलिमीटरभराचे गोल दाणे एकत्र दिसले तर मामला गंभीर आहे. या दाण्यांना कॉन्ड्रूल म्हणतात आणि ते पृथ्वीवरच्या खडकात बनत नाहीत. मात्र तेही प्रत्येक अशनीत ठळक दिसतीलच असं नाही. नागपूर जिल्ह्यात काटोलला 22 मे 2012 रोजी पडलेला अशनी एल-6 गटातला आहे. यातला 6 म्हणजे दगड उष्णतेने किती बदलला त्याची प्रत; सहाव्या प्रतीत कॉन्ड्रूलच्या कडा आजूबाजूच्या दगडात विरघळल्यासारख्या झालेल्या असतात. दहापट भिंगाला तिथे फार धीर लागतो.

निकेलची चाचणी हा किटचा खरा माल आणि खरा धोकाही. एका बाटलीत डायमिथिलग्लायऑक्झाइमचं अल्कोहोलमधलं द्रावण, दुसरीत सौम्य अमोनिया. काडीवर दोन्हींचा एकेक थेंब घेऊन खिडकीतल्या धातूवर तीस सेकंद घासायचं, गुलाबी रंग आला की निकेल. लोह-अशनीत निकेल साधारण पाच टक्क्यांपासून पुढे असतं, म्हणून ही चाचणी मोलाची. पण ताज्या लोखंडातलं फेरस लोहही याच द्रावणाशी लाल रंग देतं आणि पुस्तिका त्यावर एक अक्षर बोलत नाही. उपाय सोपा आहे. धातूचा थोडा कीस व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, त्यात औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घाला, मग वास येईपर्यंत अमोनिया, आणि शेवटी डायमिथिलग्लायऑक्झाइम. लिंबूसत्त्व लोहाला धरून ठेवतं, पेरॉक्साइड फेरसचं फेरिक करतं, म्हणजे असा लाल रंग न देणारं लोह. एवढं करूनही गुलाबी साका तळाला बसला तर तो निकेलचाच. हे सगळं खोलीची खिडकी उघडी ठेवून करायचं.

तरीही निकेल म्हणजे अंतराळ नव्हे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास स्टेनलेस स्टीलचे वितळून गोठलेले तुकडे सापडतात. 304 दर्जाच्या स्टीलमध्ये आठ टक्के किंवा जास्त निकेल असतं, वरून काळा पापुद्राही असतो. फाउंड्रीचा स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरलेली मळी, त्याहून फसवा, पण तो बुडबुड्यांवरून पकडता येतो. स्टील पॉलिश केल्यावर क्रोमियममुळे ओल्या हवेतही लखलखीत राहतं. लोह-अशनी सहसा काही आठवड्यांत गंजाचे ठिपके दाखवू लागतो.

देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्राजवळ सापडलेल्या गंजक्या, खाचखळग्यांच्या लोखंडाला यातली कुठलीच चाचणी लावू नका. तोफगोळ्याचा तुकडा अंगठ्याने दाबल्यासारख्या खळग्यांमुळे थेट लोह-अशनीसारखा दिसतो. न फुटलेला गोळा घासणं म्हणजे जिवाशी खेळ. हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवायचं. पुस्तिकेत ही सूचना नाही, नाशिकच्या माणसाला ती पहिल्या पानावर हवी.

मानवनिर्मित अवकाश-कचऱ्याचंही तसंच. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास गोल टाक्याही सापडल्या. ते रॉकेटचे अवशेष होते. अशा टाक्यांत हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. शिवाय 1968 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असे अवशेष मागणी झाल्यास सोडणाऱ्या देशाला परत द्यावे लागतात. पोलीस आणि तहसीलदार, एवढाच तिथला मार्ग.

आकाशात दिसतानाच फरक कळतो. रॉकेटचे अवशेष मंद जातात, एकामागे एक तुकड्यांची माळ अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ दिसत राहते. उल्का बहुतेक वेळा काही सेकंदांत संपते. आणि इथेच लापाझ यांची खरी पद्धत किटमध्ये यायला हवी होती: साक्षीदाराची नोंद. त्यासाठी एक छापील कागद पुरतो. तुम्ही नेमके कुठे उभे होता, गोळा कोणत्या खुणेवर दिसू लागला आणि कोणत्या खुणेवर विझला, रामशेजच्या डावीकडे की चामरलेण्याच्या डोक्यावर. उंची मोजायला हात ताठ करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. शेवटी आवाज किती वेळाने आला ते लिहा. आवाज मिनिटाला वीसेक किलोमीटर जातो. गंगापूर रोडवरून एक आणि निफाडहून एक अशा दोन चांगल्या नोंदी मिळाल्या, तर शोधायची पट्टी नकाशावर आखता येते.

सगळ्या पायऱ्या पार करणारा दगड सापडला तर मोजपट्टी शेजारी ठेवून सहा बाजूंचे फोटो, घासलेल्या खिडकीचा जवळून फोटो, वजन, घनता आणि सापडल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पाठवा. दगड कोरड्या, झाकण लागणाऱ्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका.

किट घ्यायचं की नाही? भिंग सराफ बाजारात मिळतं, पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, पट्टीचं काम फरशी करते. सुटं मिळायला त्रास पडतो तो निकेलच्या द्रावणाचा, आणि पैसे खरे त्याचेच आहेत. त्यामुळे शाळेच्या किंवा खगोलमंडळाच्या एका गटाने एक किट घेणं योग्य, घरटी एक घेण्याची गरज नाही. विकत घेताना बाटल्यांवरची तारीख बघा. अमोनिया उडून जातो आणि चाचणी न सांगता मरते. म्हणून दर वेळी आधी जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्यावर काडी घासून पाहा. त्यात तांब्याबरोबर पंचवीस टक्के निकेल आहे. नाण्यावर गुलाबी रंग आला नाही, तर त्या दिवशी दगडाची चाचणी करू नका.