ड्राइव्ह बदलून विंडोज पुन्हा टाकलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव आणि ‘सिंगल लँग्वेज’चा ताप

ड्राइव्ह गेली म्हणजे विंडोजचं लायसनही गेलं, ही समजूत नागपुरात इतकी पक्की आहे की तिच्यावर काही काउंटर चालतात. बर्डीतल्या एका काउंटरवरचं ठरलेलं वाक्य: “टेन्शन घेऊ नका भाऊ, प्रो टाकून देतो, परमनंट ॲक्टिव्हेट होऊन जाते.” पाचशे रुपये. ज्या मशीनबद्दल हे चाललं होतं, तिच्या किमतीत विंडोज आधीच धरलेलं होतं. एकदा दिलेले पैसे पुन्हा देण्याची ही हौस ज्यांना नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव.

मशीन: १२व्या पिढीचा इंटेल लॅपटॉप, सोबत आलेलं विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज (मेनूसाठी एकच भाषा चालणारी आवृत्ती). ५१२ जीबीची एनव्हीएमई (चिपवाली वेगवान ड्राइव्ह) फेब्रुवारीत गेली, जागी १ टीबीची आली. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

लायसन ड्राइव्हवर नसतंच. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून लॅपटॉप कंपन्या २५ अक्षरी प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) चिपमध्ये लिहून पाठवतात. म्हणून खालच्या स्टिकरवर आता ती छापलेली नसते. विंडोज ७ च्या काळात असायची आणि घामाने पुसली जायची. इन्स्टॉलर ही की स्वतः वाचतो, काही टाइप करावं लागत नाही. त्याने विचारलंच तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हे दाबायचं, इंटरनेट जोडायचं, काम झालं. फक्त एकच अट: एडिशन, म्हणजे विंडोजची आवृत्ती, तीच हवी. होम सिंगल लँग्वेजची की असेल तर होम सिंगल लँग्वेजच. साधं होम नाही, प्रो तर नाहीच.

सगळा घोळ इथेच होतो. दुकानाच्या पेनड्राइव्हमधल्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये बहुधा ‘ईआय डॉट सीएफजी’ नावाची इवलीशी फाइल ठेवलेली असते. ती असली की इन्स्टॉलर बायोसमधल्या की प्रमाणे एडिशन ठरवत बसत नाही, यादी समोर टाकतो. काउंटरवरचा पोरगा सवयीने प्रो निवडतो. मग अस्सल लायसनच्या मशीनवर कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं, आणि ते घालवायला वरून ॲक्टिव्हेटर (लायसन असल्याचं भासवणारा प्रोग्राम) चालवला जातो. होमवरून प्रोवर चढता येतं, प्रोवरून होमवर उतरता येत नाही. ती फाइल नसलेल्या पेनड्राइव्हवरून सगळं पुसून नव्याने टाकणं, एवढाच उपाय.

आपल्या मशीनवर काय बसवलंय हे काउंटरवरच बघता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, एक जागा, तिरकी रेघ (/), ‘डीएलआय’. छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘ओईएम डीएम चॅनल’ (ओईएम म्हणजे मशीन बनवणारी कंपनी) असेल तर बोर्डावरची की लागली. ‘रिटेल’ही ठीक. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं तर समजून जा: ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या सर्व्हरवरून करण्यासाठी असतं. तिथे ‘डीएलआय’च्या जागी ‘एक्सपीआर’ लिहिलं की परमनंटची शेवटची तारीखही दिसते.

आता प्रत्यक्ष काम. जुनी ड्राइव्ह अजून धुगधुगत असेल तर आधी बिटलॉकरची (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, आपण चालू केलेलं नसलं तरी चालू असू शकतं, आणि ती की नसेल तर जुनी ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालूनही फोटो निघणार नाहीत. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, त्यावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवायचं. भाषा इथेच नीट निवडा, कारण सिंगल लँग्वेजमध्ये पुढे ती बदलत नाही.

ड्राइव्ह बसवण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. एम डॉट टू २२८० कार्ड, म्हणजे हीच ड्राइव्ह, साधारण ३० अंशांत तिरपं सरकवायचं, मग दाबून स्क्रू. तो स्क्रू एम-२ मापाचा असतो. खाली पडला तर फरशीवर सापडत नाही, म्हणून काम ताटात करा. जुनी आणि नवी अशा दोन ड्राइव्ह लावता येत असतील तर इन्स्टॉल होईपर्यंत जुनी काढून ठेवा. नाहीतर बूटची फाइल जुन्या ड्राइव्हवर जाऊन बसते, आणि जुनी काढली की नवी चालू होत नाही.

११व्या पिढीपासूनच्या इंटेलवर हमखास भेटणारी अडचण: इन्स्टॉलर म्हणतो ड्राइव्हच सापडली नाही. ड्राइव्ह खराब नसते. इंटेलची व्हीएमडी ही ड्राइव्ह सांभाळणारी सुविधा चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या सपोर्ट पानावरून ‘आयआरएसटी’ ड्रायव्हर घ्या, तो आधी उलगडून आयएनएफ फाइल्ससह पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. नुसती ईएक्सई फाइल तिथे चालत नाही. कितीतरी जण याच पायरीवर चांगली ड्राइव्ह परत करून आलेत. पुढे सगळी मोकळी जागा निवडून ‘नेक्स्ट’. पार्टिशन तो स्वतः करतो.

वायफाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि घड्याळ बघा. बॅटरी काढल्यामुळे काही लॅपटॉपमध्ये तारीख काही वर्षं मागे जाते. चुकलेल्या तारखेवर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही, ॲक्टिव्हेशन अडतं, आणि माणूस की ला दोष देत बसतो. एरर कोडही काय ते सांगतो: ०एक्स८०३एफ७००१ म्हणजे या एडिशनचं लायसन सापडलं नाही, बहुतेक वेळा चुकीची एडिशन. ०एक्ससी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललंय. ०एक्ससी००४सी००३ म्हणजे की ब्लॉक झालेली. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कीजचा शेवट बऱ्याचदा याच कोडवर होतो.

सोबत आलेलं ऑफिस पहिल्यांदा ज्या खात्याला जोडलं, त्याच खात्याने लॉगिन केलं की परत मिळतं. त्यासाठीही पाचशे देऊ नका.

इथपर्यंत पाचपैकी पाच दिले असते. पण सिंगल लँग्वेज!

सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडता येते. मात्र ती मेनूची भाषा करायला गेलं की उत्तर येतं: तुमच्या लायसनमध्ये एकच डिस्प्ले भाषा चालते. मराठीचा पॅक मायक्रोसॉफ्टकडे आहे, पण तो आधीच्या भाषेवर चढवायचा पॅक आहे. मराठीतलं इन्स्टॉलर वेगळं मिळत नाही. म्हणजे इंग्रजीतच टाकायचं आणि मराठी चढवता येणार नाही. नागपुरात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये ‘एकच भाषा’ म्हणजे कोणती, ते आधीच ठरलेलं. मराठी मेनू फार लोक वापरत नाहीत, कबूल. ‘सेटिंग्ज’चं ‘सेटिंग्ज’च राहतं, तेही कबूल. तरी आपल्या पैशाच्या वस्तूत आपली भाषा बंद ठेवलेली दिसली की डोकं तापतं. दुकानाच्या बिलावर नुसतं ‘विन ११ होम’ लिहितात आणि ‘एसएल’ ही दोन अक्षरं गाळतात, त्याचा राग वेगळाच.

पहिल्या महिन्यात यासाठी दोन तारे कापले होते. आता एकच कापतो, कारण बाकी मराठी चालते. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आहे. मराठी जोडल्यावर आपोआप येतो तो इनस्क्रिप्ट, फोनेटिक भाषेच्या पर्यायांत जाऊन वेगळा जोडावा लागतो. मग विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून अदलाबदल. ‘रीजनल फॉरमॅट’ मराठी केला तर घड्याळावर माउस नेल्यावर वार आणि महिना मराठीत येतात. सिंगल लँग्वेजला याचं वावडं नाही. मेनू मात्र इंग्रजीच.

आणखी एक मत बदललं. मायक्रोसॉफ्ट खात्याला लायसन जोडल्याशिवाय ड्राइव्ह बदलू नका, असं सुरुवातीला सगळ्यांना बजावून सांगत होतो. ओईएम मशीनमध्ये नुसत्या ड्राइव्हसाठी त्याची गरज नाही. लोकल खात्यावरही बोर्डावरची की लागते. जुलैत दुसरी ड्राइव्ह चाचणीला लावून सगळं पुन्हा टाकलं, ॲक्टिव्हेशनला बोटही लावावं लागलं नाही. बोर्डाला बांधलेलं लायसन म्हणजे लबाडी, असं आधी वाटायचं. ड्राइव्ह बदलणाऱ्यासाठी मात्र तीच सोय आहे.

उन्हाळ्याचं थोडक्यात: मे महिन्यात दुपारी खोलीच मुळात तापलेली असते. घरगुती एनव्हीएमई ड्राइव्हची मर्यादा साधारण ७० अंश लिहिलेली असते, आणि मोठी फाइल कॉपी करताना ती तिथवर सहज पोचते, मग वेग पडतो. थर्मल पॅड लावा. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते.

बोर्डाला बांधलेल्या लायसनची ही सोय उलटते ती मदरबोर्ड बदलताना. सर्व्हिस सेंटरने नवा बोर्ड टाकला आणि त्यात की लिहिली नाही, तर चालू ड्राइव्हवरसुद्धा ॲक्टिव्हेशन जातं. हे काम त्यांचं आहे, त्यांच्याकडे त्याचं टूल असतं. जॉबशीटवर आधीच लिहून घ्या: ‘बोर्ड बदलल्यास मूळ एडिशनची की बायोसमध्ये घालून द्यावी’, एडिशनच्या पूर्ण नावासह. मशीन परत घेताना काउंटरवरच फोनचं इंटरनेट जोडा आणि ती ‘डीएलआय’ची खिडकी उघडून ‘ओईएम डीएम’ वाचूनच सही करा.